आईच्या जन्मनोंदीतला एक रकाना

गोव्यात माणूस गेला की बाराव्या-तेराव्याला सगळे आटोपले असे होत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते भटजीकडे नसते, नोताराकडे असते. १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता आमच्याकडे १ जुलै १८७० पासून लागू झाली, आणि १९६१ साली पोर्तुगीज गेले तरी ती राहिली. २०१६ च्या डिसेंबरात वारसाहक्काचा नवा गोवा कायदा अमलात आला, पण गाभा तोच. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवराबायको एकमेकांच्या मालमत्तेचे निम्मे मालक होतात. मुलगा आणि मुलगी सारखे वारस. इच्छापत्र करून फार तर अर्धे हवे त्याला देता येते, उरलेला अर्धा मुलांचा. त्यामुळे गेलेले माणूस कोण, कोणाचे, त्याचे लग्न कोणाशी झाले आणि मुले किती, हे सगळे कागदावर सिद्ध केल्याशिवाय घराचा एक चिराही दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

आमची आई २०१८ च्या श्रावणात गेली, ब्याऐंशी वर्षांची होऊन. बाबा २००३ सालीच गेले होते. त्या वेळीच वारसांचा दस्त करून घ्यायला हवा होता. मी दर वर्षी विषय काढायचो आणि आई दर वर्षी म्हणायची, "मागीर पळोवया." मागीर करता करता पंधरा वर्षे गेली. म्हाताऱ्या माणसांना कचेऱ्यांचा कंटाळा असतो, असे आम्ही धरून चाललो होतो.

दोघांचेही कागद एकदम करायचे म्हणजे आईची जन्मनोंद हवी. तिचा जन्म १९३६ चा, फोंडा महालातला. गोव्यात १९१४ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे नोंद असणार याची खात्री होती. ती मिळालीही, जुन्या वळणदार पोर्तुगीज हस्ताक्षरात. मला पोर्तुगीज येत नाही. माझ्या वयाच्या बहुतेकांना येत नाही. म्हणून लिसेंवात शिकलेल्या एका निवृत्त कारकुनाकडे ती घेऊन गेलो. हे गृहस्थ अलीकडे फार कामात असतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, म्हणून अर्धा गोवा आजा-आजीचे जन्मदाखले शोधत फिरतो आहे. नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की माणसे त्यांच्याकडे धावतात.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. तारीख, वार, वेळ, वाडा. मग एका ओळीवर थांबले, तीच ओळ परत मनात वाचली आणि मला विचारले, "तुम्ही एकटेच आलात?"

ओळ अशी होती: आई ही आमच्या आजीची 'फिल्या नातुराल', म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेली मुलगी. आणि बापाच्या जागी 'पाय इंकोग्नितु'. बाप अज्ञात. खाली आजोळच्या आजी-आजोबांचा रकाना असतो, तिथे पणजीचे नाव होते. तिच्या जोडीलाही पुरुषाचे नाव नव्हते. एका पानावर तीन बाया, आणि पुरुष म्हणावा तर नोंद करणारा अधिकारी आणि दोन साक्षीदार.

आता थोडे मागचे सांगायला हवे. आम्ही कोण हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही गोमंतक मराठा समाजाचे. आमच्या मागच्या पिढ्यांतल्या बायका देवळाच्या सेवेत होत्या, हे घरात कोणी नाकारत नसे, फक्त बोलत नसे. फार खोदले तर आई म्हणायची, "तें पणजेवांगडा सोंपलें." पणजीबरोबर संपले. आजीचे रीतसर लग्न झाले होते, आजोबा बेळगावला व्यापारात होते, आईच्या जन्माआधीच तिथे तापाने गेले, अशी कथा. बेळगाव हे गाव त्या कथेला फार सोयीचे होते. आमच्या जवळ, पण सरहद्दीपलीकडे. तिथली चौकशी करायला कोण जाणार?

म्हणजे गुपित केवढे? एका पिढीचे. पणजीकडून आजीकडे एक पायरी. एवढ्यासाठी आईने साठ वर्षे एक न झालेला व्यापारी सांभाळला.

आणि पुरावा तर आमच्या हॉलमध्ये टांगलेला होता! आजी गेली १९६८ साली. मी तेव्हा लहान होतो, पण तिचा चेहरा आठवतो, आणि नाही आठवला तर तसबीर आहेच. कपाळावर रुपयाएवढे कुंकू. विसाव्या-बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या, १९३०-४० च्या काळातल्या हिंदू बाईच्या कपाळी कुंकू कसे, हा प्रश्न आम्हा तिघा भावंडांपैकी एकालाही पन्नास वर्षांत पडला नाही. दर चवथीला त्या तसबिरीवरची धूळ पुसणारा मी, मलाही नाही.

ज्या मुलीचा 'शेंस' विधी होई तिचे लग्न देवाशी लागलेले असे. नवऱ्याच्या जागी कट्यार असे, किंवा नवऱ्याचा वेष केलेली दुसरी मुलगी असे. तिचा नवरा मरत नाही, म्हणून तिचे कुंकू पुसले जात नाही. सोळाव्या शतकात सासष्टी, तिसवाडीतली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा तिथले देव खाडी ओलांडून अंत्रुजात आले. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, रामनाथ हे सगळे देव दोन-तीन कोसांच्या परिघात वसले. फोंडा महाल १७६३ साली पोर्तुगीजांच्या हाती पडला तोपर्यंत त्यांची धर्मांतराची धग ओसरली होती, म्हणून ही देवळे उभी राहिली आणि वाढली. देवांबरोबर महाजन आले, आणि देवळांभोवती सेवेकऱ्यांचे वाडे वसले. भाविणी दिवे लावायच्या, झाडलोट करायच्या. कलावंतिणी पालखीपुढे गायच्या, नाचायच्या. त्या बायकांचा ज्या पुरुषाशी संबंध असे त्याला 'यजमान' म्हणत. तो बहुधा महाजन घराण्यातला भाटकार असे आणि त्याचे आपले लग्नाचे घर वेगळे असे. हे नाते पुष्कळदा जन्मभराचे असे, हेही सांगायला हवे. नाटकाकादंबऱ्यांत ते नेहमी एका रात्रीचे दाखवतात.

या वाड्यांतून काय बाहेर पडले ते सगळ्यांना माहीत आहे. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. मंगेशीच्या येसूबाईंचा मुलगा दीनानाथ, १९०० सालचा जन्म, ज्याने आडनाव गावावरून आणि देवावरून घेतले. गावावरून आडनाव गोव्यात सगळ्याच जाती लावतात, त्यामुळे त्यावरून कोणी कोणाची जात ओळखू नये. पण ज्याला बापाचे आडनाव लावायची सोय नव्हती त्याला गावाचा आधार होता, हे खरे.

पुन्हा त्या रकान्याकडे येतो. 'अज्ञात' हा शब्द वाचून माझी पहिली भावना काय झाली ते प्रामाणिकपणे सांगतो. मला आजीचा राग आला. मला वाटले, तिने नाव सांगितले नाही, किंवा तिला सांगता आले नाही. तो राग दोन-तीन आठवडे टिकला. मग एका वकील मित्राने जुनी संहिता समोर ठेवली आणि काही कलमे अर्थासकट वाचून दाखवली.

१८६७ च्या संहितेत लग्नाबाहेरच्या मुलाला बाप मान्यता देऊ शकत असे. याला 'पेर्फिल्यासांव' म्हणत. मान्यता मिळाली की नाव मिळे, वारसा मिळे. पण त्याला अपवाद होते. मूल राहिले त्या वेळी बाप दुसऱ्या बाईचा नवरा असेल, तर ते मूल व्यभिचारज ठरे, आणि तशा मुलाला मान्यता देण्याची मुभा कायद्यातच नव्हती. म्हणजे विवाहित भाटकाराने मनात आणले असते तरी त्याला आपले नाव देता आले नसते. दुसरे, मुलाने किंवा त्याच्या आईने "हा माझा बाप" म्हणून दावा लावावा, तर त्यालाही बंदी. बापाने कुठे लेखी कबुली दिली असेल, उघडपणे मुलासारखे वागवले असेल, बळजबरी झाली असेल, अशा मोजक्या वाटा सोडून पितृत्वाचा शोधच घ्यायचा नाही, असे कायदा म्हणत होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले. त्याच्याच मागोमाग मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि दाव्याची वाट जराशी रुंद झाली. पण ती वाट चालायची म्हणजे देवळाच्या सेवेतल्या बाईने देवळाच्या महाजनावर कोर्टात जायचे. कोण जाणार?

गंमत पाहा. याच सरकारने १६ डिसेंबर १८८० रोजी गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींना मान्यता देणारा हुकूम काढला होता. त्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला ठराविक अटींवर दुसरे लग्न करता येत होते. त्या लग्नाची मुले औरस. देवाशी लग्न झालेल्या बाईची मुले मात्र कुठल्याच कलमात बसत नव्हती. आणि देवळाच्या बाजूने पाहावे तर तिथेही नोंदवह्या होत्याच. १८८६ साली महाजनकीचे नियम झाले, १९३३ साली देवस्थानांचा कायदा आला. महाजनांची यादी पुरुषाकडून पुरुषाकडे जाते. ज्याच्या बापाचा रकाना रिकामा, तो त्या यादीत कुठून येणार? माझी आई ज्या देवळाच्या आवारात वाढली त्या देवळाच्या यादीत तिच्या बापाचे नाव होते. जन्मनोंदीत नव्हते.

हे मला कसे कळले? आईची एक मावसबहीण अजून त्या गावात आहे. नव्वदीच्या घरात, कान उत्तम, दात शून्य. मी नोंदीची झेरॉक्स घेऊन गेलो. वाटेत काय आणि कसे विचारायचे याची उजळणी केली होती. कसली उजळणी आणि काय! 'अज्ञात' हा शब्द ऐकून मावशी हसायलाच लागली.

"अज्ञात? कोण अज्ञात? सगळ्या गांवाक खबर आसलें!"

आणि तिने नाव सांगितले. बसथांब्याचे नाव सांगावे तसे. घर सांगितले, घरासमोरची विहीर सांगितली, त्यांच्या चालण्याची ढब उठून दाखवली. चवथीला त्यांच्याकडून तांदूळ, नारळ आणि आजीला लुगडे यायचे. आईला अक्षरे त्यांनीच शिकवली, ओसरीवर बसून, धूळपाटीवर. १९४९ साली ते गेले. आई तेरा वर्षांची होती. मावशी आणि आई देवळाच्या तळीपाशी उभ्या राहून मयत जाताना बघत होत्या. पुढे जायचे नाही हे कोणी सांगायची गरज नव्हती. "घरीं येवन न्हालीं," मावशी म्हणाली, "पूण सुतक आमकां खंयचें?"

मावशीच्या तोंडचे ते नाव ऐकले तेव्हा मला वेगळाच धक्का बसला होता. ते नाव मला पाठ होते.

बाबा गेल्यावर महालयाचे श्राद्ध माझ्याकडे आले. त्यात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या वडिलांचे, मातामहाचेही नाव घ्यावे लागते. पहिल्या वर्षी भटजींनी विचारले, तेव्हा आतून आईने नाव सांगितले. गोत्र विचारले, तर म्हणाली, काश्यप. गोत्र माहीत नसले की काश्यप म्हणायचे, हे भटजींना माहीत होते, मला नव्हते. मागच्या दोन नावांचे भटजींनी काहीतरी जुळवून घेतले. मी पंधरा वर्षे त्या नावाने पिंड दिले ते बेळगावच्या व्यापाऱ्याला, असे समजून. आईने गाव खोटे सांगितले, धंदा खोटा सांगितला, मरणाची वेळ आणि कारण खोटे सांगितले. नाव मात्र खरे सांगितले होते.

दुसरा कागद मिळाला तो मावशीच्याच पेटीत. १९३८ सालची 'इश्क्रितुरा', विक्रीखत. आजी राहत होती ते घर, मागची चार माड असलेली जागा, चतुःसीमेसकट, तिने दीडशे रुपयांना विकत घेतल्याचा दस्त. विकणारे तेच गृहस्थ. मी म्हटले, हे चांगले आहे, मुलीच्या आईला जागा दिली तीही पैसे घेऊन! वकील मित्राने पुन्हा शहाणे केले. विवाहित पुरुषाने अशा बाईला बक्षीसपत्र केले तर त्याच्या बायकोला किंवा वारसांना ते कोर्टातून रद्द करून घेता येत असे. म्हणून द्यायचे तर विक्री दाखवून द्यायचे. दीडशे रुपये बहुधा कोणी मोजलेच नसतील. पण त्यातली मेख पुढे आहे. जमीन विकायची तर नवऱ्याच्या एकट्याच्या सहीने भागत नसे, बायकोची संमती लागे. त्यामुळे त्या दस्तावर तिघांच्या सह्या आहेत. त्यांची पोर्तुगीज थाटाची, शेपटी काढलेली. त्यांच्या बायकोची बाळबोध, प्रत्येक अक्षर सुटे, ओळ खाली उतरत गेलेली. आणि माझ्या आजीची. आजीचे अक्षर तिघांत सर्वांत देखणे. पदांच्या वह्या उतरवून काढलेला हात होता तो.

त्या दुसऱ्या बाईबद्दल मी पुष्कळ दिवस विचार करत होतो. ती नोताराकडे आली असेल का, की दस्त तिच्याकडे नेला असेल? दोघी एका खोलीत बसल्या असतील का? मावशीला विचारले. ती म्हणाली, त्या बाई देवळात आजीला हाक मारून बोलायच्या, पण घरी कधी आल्या नाहीत. एवढेच. मला त्यात औदार्य दिसते असे लिहिण्याचा मोह होतो, पण सही करण्यावाचून तिला दुसरे काही करता येत होते का, हे मी कसे सांगू? १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा त्या भाटकारांच्या घराचे बरेच काही गेले. आजीची चार माडांची जागा विक्रीखताने घेतलेली, ती राहिली. आज तिच्याच वारसाचा दस्त आम्ही करत होतो.

तिसरा कागद आईबाबांच्या लग्नाचा, १९५७ चा. गोव्यात लग्न रजिस्त्राराकडे नोंदवल्याशिवाय पुरे होत नाही. तिथे वधूचा जन्मदाखला जोडावा लागतो. वधूच्या बापाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. खाली बाबांची सही. म्हणजे बाबांना माहीत होते. त्यांच्या घरच्यांना माहीत होते, साक्षीदारांना माहीत होते, कारकुनाला माहीत होते. बाबांचेही घर समाजातलेच, दोन पिढ्या पुढे सरकलेले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात बेळगावच्या सासऱ्याची गोष्ट निघाली की ते वर्तमानपत्र उघडायचे. मला आता ते आठवते. बाप अज्ञात होता तो फक्त कागदावर, बाकी सगळ्यांना ठाऊक होता. आमच्या पिढीत नेमके उलट झाले. सगळ्यांच्या तोंडून ती गोष्ट गेली आणि कागदावर तेवढी राहिली.

आता गाण्याचे. हे लिहावे की नाही यावर घरात वाद झाला. ताई म्हणाली, लिही.

ताई नऊ वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सांगितले, मुलीचा गळा आहे, शिकवा. आई म्हणाली, "आमच्या घरांत गाणें नाका." बाईंनी पुन्हा एकदा येऊन पाहिले, तेव्हा आईने त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. ताईने रेडिओ ऐकून जे उचलले ते उचलले. आणि ही आई कशी? स्वयंपाक करताना ती गुणगुणायची, आणि पाहुणा दारात दिसला की जागच्या जागी थांबायची. तिला स्वर अचूक लागायचा. ताईचे म्हणणे असे की आईने आपल्याला वेगळे काही नाही तर नुसती भीती दिली. मला ते पूर्ण पटत नाही, पण तिचे गेलेले मी कुठून भरून देणार?

आमच्या समाजाच्या इतिहासात याची जागा आहे. राजाराम पैंगणकरांसारख्या माणसांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत जे काम उभे केले, त्यात शेंस बंद करणे, मुलींची लग्ने लावणे आणि शाळा या गोष्टी होत्या. पैंगणकरांनी आपल्या आत्मचरित्राला नावच 'मी कोण?' असे दिले. या प्रश्नाचे उत्तर ज्याला जन्मदाखल्यात मिळत नव्हते असा माणूस तो उघड्यावर विचारतो, याला काय धैर्य लागले असेल! त्या चळवळीचे यश केवढे, हे १९६३ साली गोव्याने आपला पहिला मुख्यमंत्री म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांना निवडले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. पण घराघरात या सुधारणेची किंमत म्हणून पहिल्यांदा काय टाकले गेले असेल, तर गाणे. घुंगुर, तंबोरे, पदांच्या वह्या. शाळेत जाणारी मुलगी गायली की तिची आजी आठवते, म्हणून तिने गायचे नाही. खुद्द केसरबाईंनी आपल्या मुलीला गाण्यात न घालता डॉक्टर केले. मोगूबाईंनी किशोरीताईंना शिकवले, म्हणून जगाला किशोरीताई मिळाल्या. आमच्या आईसारख्यांनी दोन्ही केले नाही. दार लावून घेतले आणि चावी कुठे ठेवली ते सांगितले नाही.

आईने आम्हाला का सांगितले नाही, हे मी मावशीला विचारले. ती जरा चिडली. "तुज्या आवयक विचारूंक जाय आसलें," म्हणाली. तू कधी विचारलेस? खरेच, मी तिला दस्ताबद्दल पंधरा वेळा विचारले. तिच्या बापाबद्दल एकदाही विचारले नाही.

दस्त झाला. नोताराने, म्हणजे हल्लीच्या भाषेत विशेष नोताराने, मसुदा वाचताना विचारले, "मयताच्या वडिलांचे नाव?" माझ्या तोंडावर ते नाव होते. पण दस्तात नोंदीबाहेरचे लिहिता येत नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "आईचे घाला, पुरे." आजीचे नाव घातले, रीतसर, पोर्तुगीज नोंदीतल्या स्पेलिंगाने. ताईने पहिली सही केली. कायद्याप्रमाणे नोटीस छापून आली तेव्हा मावशीने ते वर्तमानपत्र मागवून घेतले. तिला वाचता येत नाही. शेजारच्या मुलाकडून दोनदा वाचून घेतले म्हणे.

त्या दुसऱ्या घरी मी गेलो नाही. त्यांचा एक नातू, म्हणजे माझा मामेभाऊच म्हणायचा, जत्रेत भेटतो. आम्ही बोलतो, पावसाबद्दल, रस्त्याबद्दल. त्याला माहीत आहे की नाही ते कळत नाही.

आईचे वर्ष पुरे झाल्यावर २०१९ च्या महालयाला भटजी आले. मातामहाचे नाव विचारले. मी सांगितले. गोत्र विचारले. ते आता मला माहीत झाले होते. महाजनांच्या घराण्याचे गोत्र गावात कोणीही सांगेल. भटजी पळी हातात धरून थांबले होते. ताई आत पानांची तयारी करत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मी काश्यप म्हटले.